आइल रॉयल : शिस्तीवर तगलेले अरण्य

राष्ट्रीय उद्यान म्हटले की डांबरी रस्ता, मोटारींची रांग, विश्रामगृह आणि गाडीच्या खिडकीतून दिसणारा वन्यप्राणी असे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्राला संपूर्णपणे छेद देणारे एक उद्यान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. तेथे मोटार नाही, मोटारीचा रस्ता नाही, सायकलही नाही. तेथे जाणाऱ्याने आपला तंबू, शिधा आणि अंथरूण पाठीवर घ्यावयाचे, पायी चालावयाचे आणि आपला कचरा पुन्हा पाठीवरूनच परत आणावयाचा असा दंडक आहे. या उद्यानाचे नाव आइल रॉयल.

सुपीरिअर सरोवराच्या वायव्य भागातील हे बेट मिशिगन राज्याच्या हद्दीत मोडते. केवळ निसर्गरम्य स्थळ म्हणून त्याची महती नाही. लांडगा आणि त्याचे भक्ष्य यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास येथे १९५८ पासून चालू असून, शिकारी प्राणी व त्याचे भक्ष्य यांविषयीच्या जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत त्याची गणना होते. मानवाने अरण्याला किती मोकळे सोडावे आणि केव्हा हात द्यावा, हा अवघड प्रश्न या बेटाने जितक्या स्पष्टपणे मांडला, तितका क्वचितच अन्यत्र मांडला गेला असेल.

भूमी आणि इतिहास

सुपीरिअर हे क्षेत्रफळाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक आहे. त्याचे पाणी उन्हाळ्यातही अत्यंत थंड असते आणि वादळात त्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. आइल रॉयल हे या सरोवरातील सर्वांत मोठे बेट. त्याची लांबी सुमारे ७२ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी सुमारे १४ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ५३५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्याभोवती शेकडो लहान बेटे विखुरलेली आहेत. सर्वांत जवळचा मुख्य भूमीचा किनाराही सुमारे २४ किलोमीटरांवर आहे.

बेटाची घडण लाव्हाच्या थरांची आहे. सह्याद्रीतील कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे, तर येथील लाव्हा शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. हे थर कलंडल्यामुळे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या समांतर डोंगरधारा तयार झाल्या असून, त्यांच्या मधल्या सखल भागांत तळी, दलदली आणि लांबट खाड्या आहेत. सर्वोच्च शिखर माउंट डिसोर हे समुद्रसपाटीपासून अवघे ४२५ मीटर उंच आहे. तथापि, उंची कमी म्हणून चाल सोपी असे मात्र नाही. वाटा सतत चढतात आणि उतरतात, कातळ पावसात निसरडा होतो, आणि दलदलीवर टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून तोल सांभाळीत जावे लागते.

हे बेट पूर्वापार निर्मनुष्य होते, असा समज मात्र चुकीचा ठरेल. येथे शुद्ध स्वरूपात सापडणारे तांबे तेथील आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी खणून काढले होते. ओजिब्वे लोक या बेटाला ‘मिनाँग’ म्हणतात. १८४२ व १८४४ च्या करारांनी बेटाचा ताबा अमेरिकी शासनाकडे गेला. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात खाणमालकांनी अनेक वेळा नशीब अजमावले. त्यांनी खणलेले खड्डे आजही रानात दिसतात. मासेमारी करणारी कुटुंबे मात्र पुढेही टिकून राहिली. उद्यान झाल्यावर त्यांतील काहींना हयातभर राहण्याची मुभा देण्यात आली. मिनाँगचे ओजिब्वे समाजाशी असलेले नाते लक्षात घेऊन २०१९ मध्ये त्याची नोंद पारंपरिक सांस्कृतिक स्थळ म्हणून राष्ट्रीय सूचीत करण्यात आली. आज जे अरण्य दिसते ते माणसाने कधीच न शिवलेले नाही, तर माणसाने विचारपूर्वक मागे सरून पुन्हा वाढू दिलेले आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

उद्यानाला अमेरिकी काँग्रेसची मंजुरी १९३१ मध्ये मिळाली आणि १९४० मध्ये उद्यान प्रत्यक्ष स्थापन झाले. १९७६ मध्ये बेटाच्या जवळजवळ सर्व भूमीला कायद्याने ‘वन्यप्रदेश’ हा दर्जा देण्यात आला. तेथे रस्ते बांधणे वा वाहने चालविणे यांना त्यामुळे कायमची आडकाठी झाली. १९८० मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांतही त्याचा समावेश झाला.

प्रवास आणि मुक्काम

बेटावर पोहोचण्यास जहाज किंवा पाण्यावर उतरणारे छोटे विमान, एवढीच साधने आहेत. मिशिगनमधील होटन व कॉपर हार्बर आणि मिनेसोटामधील ग्रँड पोर्टेज या ठिकाणांहून जहाजे सुटतात. होटनहून निघाल्यास सुमारे सहा तास लागतात. पूर्वेकडील रॉक हार्बर आणि पश्चिमेकडील विंडिगो ही दोन मुख्य उतरण्याची ठिकाणे होत. दरवर्षी १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात उद्यान संपूर्णपणे बंद ठेवण्यात येते. अलीकडच्या वर्षांत येथे वर्षाला सुमारे २५ ते २९ हजार लोक येतात. याच देशातील यलोस्टोन उद्यानात एका वर्षात ४० लाखांहून अधिक लोक येतात, हे लक्षात घेतले म्हणजे आइल रॉयलचे वेगळेपण स्पष्ट होते. मात्र आलेला माणूस येथे तासा-दोन तासांत परत फिरत नाही, तो सरासरीने तीन-चार दिवस राहतो.

जहाजातून उतरताच वनरक्षक प्रवाशांना नियम समजावून देतात. त्यानंतर प्रत्येक गटाने आपला मार्ग आणि कोणत्या रात्री कोठे मुक्काम करणार हे परवान्यावर नोंदवावयाचे असते. सहापर्यंत माणसांच्या गटाला जागा आधी राखून ठेवावी लागत नाही. सात ते दहा जणांच्या गटाला मात्र ती आगाऊ राखावी लागते. बेटावर ३६ मुक्कामतळ असून त्यांपैकी काही पायवाटांवर, तर काही केवळ होडीने गाठता येतील अशा ठिकाणी आहेत. प्रत्येक तळावर सलग किती रात्री राहता येईल याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. काही तळांवर तीन बाजूंनी लाकडी भिंती आणि समोर डासांची जाळी असलेले निवारे आहेत. जो आधी येईल त्याला ते मिळतात. तळ भरलेला असल्यास आधी आलेल्याने नंतर आलेल्यास आपल्या जागेत सामावून घ्यावे, अशी अपेक्षा असते.

पायवाटांची एकूण लांबी सुमारे २६५ किलोमीटर आहे. त्यांतील ग्रीनस्टोन डोंगरधारेवरील वाट बेटाच्या कण्यावरून जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. ती सुमारे ६५ किलोमीटर लांब असून सामान्य चालणाऱ्यास चार-पाच दिवस लागतात. या धारेवरून एका बाजूला सरोवराचे निळे पाणी आणि स्वच्छ हवेत पलीकडील कॅनडाचा किनारा दिसतो. उत्तरेकडील मिनाँग धारेची वाट त्याहून खडतर आहे. अंतर्भागातील तळी कॅनूने ओलांडण्याचीही सोय आहे. मात्र दोन तळ्यांमधील जमिनीवरून कॅनू खांद्यावर वाहून न्यावी लागते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पूर्वतयारीला येथे विशेष महत्त्व आहे. बहुतेक बेटावर भ्रमणध्वनी चालत नाही. पाय मुरगळला किंवा आजारपण आले तर मदत पोहोचण्यास बराच वेळ लागतो. वादळ उठल्यास परतीचे जहाज वा विमान दुसऱ्या दिवसावर जाऊ शकते. म्हणून एक-दोन दिवसांचा जादा शिधा बरोबर ठेवावा असा सल्ला देण्यात येतो. जून-जुलैत डास आणि काळ्या माश्या यांचा उपद्रव मोठा असतो. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात बधिर होतात, त्यामुळे पोहता येते या भरवशावर होडीत बेफिकीर राहणे प्राणावर बेतू शकते.

नियमांमागील कारणे

येथील नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतात. परंतु प्रत्येक नियमामागे एक निश्चित कारण आहे.

पिण्याच्या पाण्याचेच उदाहरण घ्यावे. ओढ्याचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असले तरी ते उकळल्याविना किंवा सूक्ष्म गाळणीतून गाळल्याविना पिऊ नये, असे बजावण्यात येते. केवळ औषधी गोळी टाकणे पुरेसे नाही. याचे कारण असे की, लांडग्याच्या आतड्यात एक अतिशय लहान पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि गवत-पाल्याबरोबर मूस या प्राण्याच्या पोटात जातात. तेथे फुप्फुसांत वा यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. लांडग्याने तो मूस खाल्ला की चक्र पूर्ण होते. पाण्यावाटे ही अंडी माणसाच्या पोटात गेल्यास त्याच्या शरीरातही अशाच गाठी होऊ शकतात. भारतात याच प्रकारचे चक्र कुत्री आणि शेळ्या-मेंढ्या व गुरे यांच्यात चालते, हे ग्रामीण आरोग्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेकोटीस थोड्याच तळांवर परवानगी आहे. अन्यत्र लहान स्टोव्हवर स्वयंपाक करावा लागतो. जमिनीवर पडून कुजणारे लाकूड हे कीटकांचे अन्न आणि मातीचे खत असते. शिवाय उन्हाळ्यात वणव्याची भीती असतेच. १९३६ च्या मोठ्या वणव्यात बेटाचा बराच भाग होरपळला होता.

अन्न बंदिस्त ठेवण्याचा नियमही असाच. बेटावर अस्वल नाही, परंतु तांबडे खोकड मात्र धीट आहेत. तंबूबाहेर काढून ठेवलेला बूटसुद्धा ते पळवून नेतात. माणसाच्या अन्नाची चटक लागलेला प्राणी माणसाला भीत नाही, आणि न भिणारा वन्यप्राणी अखेरीस स्वतःच्या जिवाला मुकतो, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

सर्वांत कडक बंदी आहे ती पाळीव प्राण्यांवर. कुत्रा बेटावर उतरविणे तर दूरच, होडीतून उद्यानाच्या हद्दीतील पाण्यात आणण्यासही मनाई आहे. या बंदीचे महत्त्व लांडग्यांच्या इतिहासावरून कळते.

काय पाहावे, कसे पाहावे

मुख्य भूमीवर सस्तन प्राण्यांच्या चाळीसहून अधिक जाती आढळतात, तर बेटावर त्यांच्या निम्म्याहूनही कमी. पाणी ओलांडून येणे ज्यांना जमले तेच येथे पोहोचले. अस्वल, हरिण, रॅकून येथे नाहीत. आहेत ते मूस, लांडगा, खोकड, बीव्हर, पाणमांजर, ससा आणि तांबडी खार. प्राण्यांच्या जाती मोजक्या असल्यामुळेच त्यांचे परस्परसंबंध अभ्यासकांना स्वच्छ दिसू शकले.

मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन चारशे-साडेचारशे किलोग्रॅमपर्यंत भरते. उन्हाळ्यात पहाटे वा संध्याकाळी उथळ तळ्यांत उभा राहून पाण्याखालील वनस्पती खाणारा मूस पाहावयास मिळतो. या वनस्पतींतून त्याला सोडियम मिळते, जे जमिनीवरील झाडपाल्यात फारच अल्प असते. त्यामुळे मूस पाहू इच्छिणाऱ्याने रानभर भटकण्याऐवजी एखाद्या तळ्याकाठी निःशब्द बसून राहावे, हे उत्तम. पिलासह असलेल्या मादीपासून मात्र दूरच राहावे. तिने कान मागे पाडले आणि मानेवरील केस उभे केले की ती चाल करून येण्याच्या बेतात आहे असे समजावे.

लांडगा सहसा दिसत नाही. ओल्या चिखलातील ठसा, वाटेच्या मध्यावर पडलेली केसाळ विष्ठा किंवा रात्री दुरून येणारी हाळी, एवढ्यावरच बहुतेकांना समाधान मानावे लागते. तळ्यावरून येणारा लून पक्ष्याचा दीर्घ, करुण स्वर मात्र जवळजवळ प्रत्येक मुक्कामात ऐकू येतो. हा पक्षी पाण्याच्या अगदी काठाशी घरटे करतो. होडी फार जवळ गेल्यास तो अंडी सोडून जातो. त्यामुळे अंतर राखून पाहणे हा येथे केवळ शिष्टाचार नसून संरक्षणाचा उपाय आहे.

लांडगा आणि मूस

विसाव्या शतकाच्या आरंभी मूस या बेटावर आले. ते पोहत आले की माणसांनी आणले, याविषयी मतभेद आहेत. त्यांना खाणारे कोणीच नसल्यामुळे त्यांची संख्या भराभर वाढली. १९२९-३० मध्ये बेटावर संशोधन करणाऱ्या ॲडॉल्फ म्युरी यांनी चारा संपत आल्याचा इशारा दिला होता. तो लवकरच खरा ठरला आणि मूस मोठ्या संख्येने उपासमारीने मेले. १९३६ च्या वणव्यानंतर कोवळी झाडे उगवली आणि त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस सरोवर गोठून तयार झालेल्या बर्फाच्या पुलावरून कॅनडातील काही लांडगे बेटावर आले. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे ड्युवर्ड ॲलन यांनी दोहोंचा अभ्यास सुरू केला. दहा वर्षे चालेल अशा बेताने आखलेले हे काम पुढे रॉल्फ पीटरसन आणि जॉन व्ह्युसेटिच यांनी मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठामार्फत चालू ठेवले. उद्यान बंद असताना, ऐन हिवाळ्यात, छोट्या विमानातून बर्फावरील माग काढून लांडग्यांची मोजदाद करण्यात येते. उन्हाळ्यात संशोधक आणि स्वयंसेवक रानातून मेलेल्या मूसची हाडे गोळा करतात. दातावरून वय, सांध्यांवरून संधिवात आणि हाडांतील मगजावरून मृत्यूसमयीची उपासमार ओळखता येते. लहानपणी चारा कमी मिळालेल्या मूसला म्हातारपणी संधिवात अधिक होतो, असे या हाडांवरून दिसून आले. दातांतील पाऱ्याचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या आरंभापासून घटल्याचेही आढळले. जेथे एकही धुराडे नाही अशा बेटावरील प्राण्याच्या दातांतही दूरच्या कारखान्यांचा हिशेब उमटत असतो, हे यावरून कळते.

या अभ्यासातून निसर्गात एक स्थिर समतोल असतो ही कल्पना मात्र सिद्ध झाली नाही. उलट दोन्ही प्राण्यांची संख्या सतत वरखाली होत राहिली आणि प्रत्येक वेळी कारण वेगळे निघाले. १९८० मध्ये बेटावर ५० लांडगे होते. १९८२ मध्ये १४ उरले. कुत्र्यांचा पार्व्हो हा विषाणूजन्य रोग हे या घटीचे कारण होय, आणि तो कोणा प्रवाशाने बंदी मोडून आणलेल्या कुत्र्याबरोबर आला असावा असे मानले जाते. लांडगे घटताच मूस वाढले. १९९५ मध्ये त्यांची संख्या सुमारे २,४०० झाली. पाठोपाठ कडक हिवाळा, गोचिडांचा प्रादुर्भाव आणि चाऱ्याची टंचाई एकत्र आली, आणि १९९७ पर्यंत सुमारे ५०० मूस उरले.

लांडग्यांपुढे आणखी एक संकट होते. बेटावरील सर्व लांडगे थोड्याच पूर्वजांची संतती असल्यामुळे निकटच्या नात्यांतच प्रजनन होऊ लागले आणि पाठीच्या मणक्यात जन्मजात व्यंगे दिसू लागली. १९९७ मध्ये एक नर बर्फावरून कॅनडातून आला. त्याच्या नव्या रक्ताने कळपाला काही काळ उभारी आली, परंतु पुढे बहुतेक संतती त्याचीच झाल्याने जुनेच दुखणे परत आले. पूर्वी बहुतेक हिवाळ्यांत तयार होणारा बर्फाचा पूल हवामान उष्ण होत गेल्याने क्वचितच होऊ लागला, आणि नवे लांडगे येण्याचा मार्ग बंद झाला. २०१२ मध्ये तीन लांडगे एका जुन्या खाणीच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मृतावस्थेत आढळले. २०१६ पासून दोनच लांडगे उरले. ते बाप-लेक होते आणि एकाच मादीच्या पोटचेही होते. त्यांची संतती टिकण्याची आशा नव्हती. दुसऱ्या बाजूस २०१९ पर्यंत मूस सुमारे २,००० वर गेले आणि बाल्सम फरची कोवळी झाडे ते वाढण्याआधीच खुडू लागले. बेटाच्या पश्चिम भागात जुनी फर झाडे मरत होती आणि त्यांची जागा घेणारी नवी झाडे वर येत नव्हती.

हात द्यावा की देऊ नये

या परिस्थितीत उद्यानाच्या प्रशासनापुढे पेच उभा राहिला. वन्यप्रदेशाचा कायदा माणसाने ढवळाढवळ करू नये या भूमिकेवर उभा आहे. लांडगे बर्फावरून आपणहून आले होते, आपणहून संपले तर तोही निसर्गक्रमच, असे एका पक्षाचे म्हणणे होते. तो युक्तिवाद पोकळ नव्हता. एकदा प्राणी आणून सोडावयाचे ठरले की पुढच्या प्रत्येक घटीच्या वेळी तीच मागणी होणार, आणि अरण्य हळूहळू प्राणिसंग्रहालय बनेल, अशी त्यामागे भीती होती. याशिवाय, पन्नास-साठ वर्षे हस्तक्षेपाविना चाललेल्या अभ्यासाचे मोल कमी होईल, अशीही शंका व्यक्त झाली.

दुसऱ्या पक्षाने वेगळी बाजू मांडली. लांडग्यांवर बसलेले आघात तपासले तर प्रत्येकावर माणसाची खूण सापडते. पार्व्हो कुत्र्याने आणला, खड्डा खाणकामगारांनी खणला आणि बर्फाचा पूल माणसाच्या उद्योगांनी तापलेल्या हवामानामुळे नाहीसा झाला. माणसाने आधीच हात घातलेला असताना आता हात मागे घेणे म्हणजे तटस्थता नव्हे, तर तोही एक निर्णयच होय. शिवाय लांडगा नाहीसा झाला तर मूस, फर आणि अखेर सर्व अरण्यच बदलून जाईल.

अनेक वर्षे विचारविनिमय होऊन, लोकांच्या सूचना व हरकती मागवून, २०१८ मध्ये लांडगे आणून सोडण्याचा निर्णय घेण्यात आला. सप्टेंबर २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात मिनेसोटा, मिशिगन आणि कॅनडातील ओंटारिओ येथून एकूण १९ लांडगे बेटावर आणण्यात आले. त्यांतील काही मिशिपिकोटन या दुसऱ्या बेटावरचे होते. तेथे त्यांनी कॅरिबू जवळजवळ संपविले होते आणि त्यांची उपासमार होत होती. सर्वच नव्या लांडग्यांना नवे घर मानवले असे नाही. काही मेले, आणि एक मादी २०१९ च्या जानेवारीत बर्फाचा पूल तयार होताच चालत मुख्य भूमीकडे परतली. तिला गळ्यात पट्टा बसविलेला असल्याने हे कळू शकले.

उरलेल्यांनी कळप बांधले आणि पिले दिली. २०२४ च्या हिवाळी गणनेत ३० लांडगे आणि सुमारे ८४० मूस असल्याचा अंदाज देण्यात आला. मूसची संख्या उतरल्यामुळे फरच्या रोपट्यांना डोके वर काढण्यास वाव मिळू लागला आहे. मात्र प्रश्न कायमचा सुटला असे म्हणता येणार नाही. बर्फाचा पूल पूर्वीसारखा होत नसल्याने काही पिढ्यांनंतर नात्यातील प्रजननाचे संकट पुन्हा उभे राहू शकते, आणि तेव्हाच्या अधिकाऱ्यांना हाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागेल.

बेटाचा बोध

आइल रॉयलच्या अनुभवातून निघणारा पहिला बोध असा की, संरक्षित क्षेत्राभोवती पाणी असो वा कुंपण, ते जगापासून तुटलेले राहत नाही. रोग, हवेतील विषारी द्रव्ये आणि हवामानातील बदल यांना सीमा नसते. म्हणूनच राखण्याचे काम हद्दीच्या आत जितके, तितकेच हद्दीच्या बाहेरही करावे लागते.

दुसरा बोध दीर्घकालीन नोंदींचा. दहा वर्षांनी हा अभ्यास बंद केला असता तर निघालेले निष्कर्ष बहुतांशी चुकीचे ठरले असते. पार्व्हो, कडक हिवाळा, एकट्या नराचे आगमन यांपैकी कोणतीही घटना कोणास आधी सांगता आली नव्हती. नियमित मोजणी आणि जपून ठेवलेली हाडे यांच्यामुळेच २०१८ चा निर्णय निव्वळ भावनेवर न राहता पुराव्यावर घेता आला.

तिसरा बोध सामान्य प्रवाशाच्या शिस्तीचा. या बेटावर पहारेकरी थोडे आणि रान विस्तीर्ण आहे. प्रत्येक तंबूपाशी वनरक्षक उभा करणे शक्य नाही. तेथील व्यवस्था टिकली आहे ती प्रवाशास नियम सांगताना त्याचे कारणही सांगण्यात येते म्हणून. एका माणसाने एकदा बोटीतून कुत्रा आणला असावा, आणि त्याचे परिणाम लांडग्यांच्या, मूसच्या आणि फर वृक्षांच्या कित्येक पिढ्यांना भोगावे लागले. उलट, वाटेत सापडलेल्या मूसच्या सांगाड्याची जागा वनरक्षकाला कळविणारा प्रवासी त्याच अभ्यासाला हातभार लावतो. चार-पाच दिवसांच्या चालीनंतर धक्क्यावर जहाजाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर कचऱ्याची पिशवी असते. तिच्यामुळे ओझे वाढते हे खरे, परंतु त्याच्या मागोमाग येणाऱ्याला जे अरण्य दिसणार असते, ते तिच्यामुळेच.